तुटलेली तार, न तुटलेला आवाज

कुंडलच्या कुस्ती मैदानात हलगी तापलेली असते, हौदातले दोन मल्ल खडाखडीला उतरलेले असतात आणि निवेदकाचा आवाज चारी बाजूंच्या गर्दीवर पसरत असतो. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातलं हे मैदान वर्षानुवर्षं भरत आलंय. पंजाब-हरियाणाचे मल्लही इथल्या मातीत लढून गेलेत. गर्दी एवढी लोटते, की मागच्या माणसाला हौदातली पकड नीट दिसतच नाही. पट कुणी काढला, घिस्सा कुणी मारला, हे त्याला डोळ्यांआधी कान सांगतात. चितपट व्हायला क्षणभर पुरतो. माईक नेमका त्याच क्षणी गेला, तर त्या माणसापुरती ती कुस्ती झालीच नाही.

असा आवाज जाऊ नये म्हणून ध्वनितंत्रज्ञांनी एक विलक्षण युक्ती शोधली आहे. चालू कार्यक्रमात मुख्य केबल कुणी उपटली, तरी ऐकणाऱ्याला खट्ट एवढाही आवाज येत नाही. जोड तुटलेला असतो, आवाज अखंड असतो. कुंडलसारख्या मोठ्या मैदानाची ध्वनियोजना आपल्यालाच करायची आहे असं समजू आणि हे घडतं कसं ते पाहू.

आवाजाचे आकडे

निवेदक बोलतो तेव्हा हवा थरथरते. माईकमधला पातळ पडदा त्या थरथरीनं हलतो आणि तारेत काही मिलिव्होल्टचा नाजूक विद्युतसंकेत उमटतो. पूर्वी हा नाजूक संकेतच थेट, सगळे आवाज एकत्र मिसळणाऱ्या मिक्सरपर्यंत न्यावा लागे. प्रत्येक माईकला तारांची एक स्वतंत्र जोडी, अशा चोवीस किंवा बत्तीस जोड्या एका जाडजूड मल्टिकोर केबलीत भरलेल्या, आणि ते वेटोळं उचलायला दोन-तीन माणसं. माईकच्या केबलीतली एक करामत आजही थक्क करते. तीन पिनांच्या या केबलीत मिक्सर दोन तारांमधला फरक तेवढा मोजतो. बाहेरून शिरलेली खरखर दोन्ही तारांवर सारखीच चढते, म्हणून वजाबाकीत ती आपोआप गळून पडते.

आता हौदाच्या कडेला एक स्टेज बॉक्स ठेवतात. माईकची छोटी केबल त्यात जाते आणि तिथंच आवाजाचे आकडे होतात. सेकंदाला ४८,००० वेळा संकेताची उंची मोजली जाते आणि प्रत्येक मोजणी २४ बिटांत लिहिली जाते, म्हणजे उंचीच्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक पायऱ्यांपैकी नेमकी एक निवडली जाते. दोन मोजण्यांमधलं अंतर सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात सांगायचं तर सुमारे २१ भाग. तेवढ्या वेळात निवेदकाच्या तोंडचा आवाज हवेत जेमतेम ७ मिलिमीटर सरकतो. केबलीतला संदेश मात्र साधारण ४ किलोमीटर गेलेला असतो. पुढची सगळी किमया या तफावतीवर उभी आहे. आवाज हवेत इतका सावकाश चालतो, की तारेतल्या यंत्रांना त्याच्या दोन पावलांच्या मध्ये भरपूर काम उरकता येतं.

मोजलेल्या आकड्यांची पाकिटं बांधली जातात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एईएस६७ या मानकात एका पाकिटात एक मिलिसेकंदाचा आवाज असतो, म्हणजे ४८ मोजण्या. सेकंदाला हजार पाकिटं. प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक. ही पाकिटं आपल्या घरातल्या इंटरनेटसारख्याच इथरनेट केबलीतून आणि पाकिटं पत्त्यानुसार पुढं धाडणाऱ्या स्विच नावाच्या पेट्यांमधून धावतात. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची डांटे ही पद्धत आज जगभरच्या रंगमंचांवर याच वाटेनं आवाज नेते. एका आवाजाला सेकंदाला साडेअकरा लाख बिट लागतात आणि गिगाबिट केबलीची क्षमता १०० कोटी बिटांची, त्यामुळे करंगळीएवढ्या केबलीत शेकडो आवाज सहज मावतात. निवेदक, हलगी, पंच, पाहुण्यांचं भाषण, सगळे एकाच तारेत.

एका तारेची भीती

पण या सोयीच्या पोटात धोकाही मोठा आहे. मल्टिकोरमधली एक जोडी तुटली तर एकच माईक जायचा. नेटवर्कची एकुलती केबल तुटली तर सगळं मैदान मुकं होतं. आवाज एकवटले, तसा धोकाही एकवटला.

एकुलत्या तारेचं हे दुबळेपण कुंडलच्या परिसराइतकं क्वचितच कुणी जाणलं असेल. औंध संस्थानातलं हे गाव क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं मोठं केंद्र होतं, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड इथलेच. १९४२च्या चळवळीत सातारा भागातल्या भूमिगतांनी तारायंत्राच्या तारा तोडल्या. बलाढ्य साम्राज्याचे हुकूम खांबांवरून गेलेल्या त्या तारेवर अवलंबून होते. मैलोन्मैल पसरलेली तार कुठंही एका जागी तोडली, की दोन्ही टोकं बहिरी होत. राखणाऱ्याला सगळी तार राखावी लागे, तोडणाऱ्याला एकच जागा पुरे. एकेरी जोडणीचं गणित नेहमी तोडणाऱ्याच्या बाजूनं असतं.

हे गणित उलटवायचं कसं, याचा ध्यास विसाव्या शतकातल्या मोठ्या डोक्यांनी घेतला होता. बेभरवशाच्या सुट्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं उभारावं, यावर जॉन फॉन नॉयमनचा प्रसिद्ध निबंध १९५६ साली छापून आला. १९६४ साली अमेरिकेतल्या रँड संस्थेच्या पॉल बॅरननं दाखवून दिलं, की अत्यावश्यक जोडण्यांच्या तीन-चार पट जोडण्या ठेवल्या, तर जाळ्याचा मोठा भाग उद्ध्वस्त झाला तरी उरलेली ठाणी एकमेकांशी बोलत राहतात. संदेशाचे तुकडे करून ते मिळेल त्या वाटेनं धाडायचे, ही कल्पना त्यानं याच विचारातून मांडली. आज निवेदकाचा आवाज ज्या पाकिटांतून जातो, त्या पाकिटांचं मूळ तार तुटण्याच्या भीतीत आहे.

तीस सेकंदांचा खड्डा

मग दुसरी केबल टाकली की झालं, असं वाटेल. एवढं सोपं ते नाही. दोन स्विच दोन केबलींनी जोडले की वर्तुळ तयार होतं. काही पाकिटं सगळ्यांसाठी असतात. स्विच ती प्रत्येक दारातून पुढं पाठवतो. वर्तुळात ती फिरून परत येतात, पुन्हा पाठवली जातात, त्यांच्या प्रती वाढत जातात. इथरनेटच्या पाकिटाला वय नसतं, ते आपणहून मरत नाही. बघता बघता जाळं स्वतःच्याच पाकिटांनी तुंबतं आणि खऱ्या आवाजाला जागा उरत नाही.

यावर १९८५ साली डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करणाऱ्या रेडिया पर्लमन यांनी देखणा उपाय शोधला. स्विचनी आपसात बोलून वर्तुळातली एक जोडणी स्वतःच बंद ठेवायची आणि चालू जोडणी तुटली तरच ती उघडायची. या स्पॅनिंग ट्रीनं संगणकांची जाळी मोठी होऊ शकली. मात्र मूळ पद्धतीत बंद वाट उघडताना स्विच पंधरा सेकंद ऐकतो आणि पंधरा सेकंद शिकतो. ई-मेल तीस सेकंद उशिरा आलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाजासाठी मात्र तीस सेकंद म्हणजे प्रत्येक माईकच्या १४ लाख ४० हजार मोजण्या गडप. पुढं आलेल्या जलद पद्धतीत हा वेळ खूप घटला, तरी थांबा उरलाच. पहिली वाट गेल्याचं आधी कळणार आणि मग दुसरी उघडणार, असं असेल तर मधला खड्डा टळतच नाही.

दोन्ही वाटांनी एकाच वेळी

या कोड्याचं उत्तर फार साधं आहे आणि त्या साधेपणातच त्याचं सौंदर्य आहे. दुसरी वाट राखीव ठेवायचीच नाही. पहिल्या क्षणापासून दोन्ही वाटांनी तोच आवाज पाठवत राहायचं.

महत्त्वाचा निरोप कुंडलहून सांगलीला धाडायचा आहे. त्याच्या दोन सारख्या चिठ्ठ्या लिहिल्या, दोन्हींवर एकच क्रमांक घातला, एक माणूस तासगावावरून पाठवला, दुसरा भिलवडीवरून. सांगलीत ज्याची चिठ्ठी आधी येईल ती वाचायची. त्याच क्रमांकाची दुसरी आली की बाजूला टाकायची. एकजण वाटेत अडकला तर सांगलीतल्या माणसाला त्याची वाट बघावी लागत नाही, कारण निरोप हातात आलेला असतो.

स्टेज बॉक्सला दोन दारं असतात, एक प्रायमरी आणि एक सेकंडरी. प्रत्येक पाकिटाची एक प्रत पहिल्या दारातून पहिल्या स्विचकडे जाते, दुसरी प्रत दुसऱ्या दारातून दुसऱ्या स्विचकडे. ही दोन जाळी एकमेकांना कुठंही शिवत नाहीत. डांटेमध्ये तर त्यांचे पत्तेही निराळ्या घराण्यांतले असतात. पहिल्या जाळ्यात आपोआप मिळणारे पत्ते १६९.२५४ नं सुरू होतात, दुसऱ्यातले १७२.३१ नं. पलीकडं मिक्सरलाही अशीच दोन दारं. मिक्सर आलेल्या प्रत्येक पाकिटाचा क्रमांक बघतो, आधी आलेलं ठेवतो आणि जुळं टाकून देतो. दूरचित्रवाणीच्या जगात हीच रीत २०१३ साली एसएमपीटीई २०२२-७ या नावानं मानक झाली.

मिक्सर पाकीट हाती येताच वाजवत नाही, ठरलेला थोडासा वेळ धरून ठेवतो. एक मिलिसेकंद म्हणू. तेवढ्या वेळात हवेतला आवाज ३४ सेंटिमीटर जातो. निवेदकानं माईक हातभर लांब धरला तरी याहून जास्त उशीर होईल. या चिमुकल्या अवकाशात दोन्ही वाटांच्या प्रती येऊन पोचतात. आता मुख्य केबल उपटा. पहिल्या वाटेची पाकिटं थांबली, दुसरीची चालूच आहेत. काही बदलावं लागत नाही, कुणाला निर्णय घ्यावा लागत नाही. ४८,००० मोजण्यांतली एकही हरवत नाही.

सगळ्यांचं एकच घड्याळ

यासाठी आणखी एक अद्भुत गोष्ट लागते. स्टेज बॉक्स, मिक्सर आणि अ‍ॅम्प्लिफायर या सगळ्यांनी काळाची मोजणी एकसारखी करायला हवी. प्रत्येक यंत्रात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि कुठलेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे चालत नाहीत. दहा लाखांत दहाचा फरक असला, तरी दर दोन सेकंदांना एक मोजणी कमी किंवा जास्त पडते आणि आवाजात टकटक उमटू लागते.

म्हणून यंत्रं आपल्यातूनच एक म्होरक्या निवडतात. तो वेळ सांगतो, बाकीचे त्याच्याशी जुळवून घेतात. पण वेळेचा संदेश पोचायलाही वेळ लागतोच! मग यंत्र उलट संदेश पाठवून जाण्यायेण्याचा एकूण वेळ मोजतं, त्याचा निम्मा धरतं आणि तेवढा फरक आपल्या घड्याळात मिळवतं. पीटीपी नावाच्या या रीतीचं मानक पहिल्यांदा २००२ साली निघालं. साध्या केबलीनं जोडलेली यंत्रं तिच्यामुळे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्याही आत एकमेकांशी जुळतात. म्होरक्या बंद पडला तर उरलेली यंत्रं ठरलेल्या नियमानं दुसरा निवडतात. तोवर प्रत्येकाचा स्फटिक ताल धरून असतो. वेळेची ही बोलाचालीही दोन्ही जाळ्यांवर चालते.

काळ एक झाला की मोठ्या मैदानाचं दुसरं कोडंही सुटतं. मंचापासून ८० मीटरवर लावलेले स्पीकर तारेतून आलेला आवाज लगेच वाजवतील, तर मंचाकडून हवेतून येणारा आवाज जवळजवळ पाव सेकंद मागून येईल आणि शब्दावर शब्द चढतील. म्हणून लांबच्या स्पीकरांना मुद्दाम थोपवून धरतात. ऊन उतरून हवा ३५ अंशांवरून २० अंशांवर आली, की आवाज सेकंदाला नऊ मीटरनं मंदावतो आणि ८० मीटरवर सुमारे सहा मिलिसेकंदांचा फरक पडतो. कसलेला साऊंडवाला संध्याकाळी हे आकडे पुन्हा जुळवतो.

वेगळेपण खरं हवं

दोन वाटांचं गणित मांडून पाहू. समजा, एका वाटेत बिघाड होण्याची शक्यता शंभरात एक आहे. दोन वाटा खरोखर स्वतंत्र असतील, तर दोन्ही एकदम जाण्याची शक्यता दहा हजारांत एक. नुसती केबल दुप्पट केली आणि भरवसा शंभरपट झाला. पण या हिशोबाचा सगळा जीव 'स्वतंत्र' या शब्दात आहे. दोन्ही केबली एकाच चरातून नेल्या आणि त्यावरून ट्रॅक्टरची ट्रॉली गेली, तर दोन्ही जातात. दोन्ही स्विच एकाच बोर्डावर लावले आणि कुणी मोबाइल चार्ज करायला तो प्लग काढला, तर दोन्ही जाळी एकदम झोपतात. कागदावर दोन वाटा, जमिनीवर एकच.

म्हणून आपल्या मैदानात पहिली केबल डाव्या अंगानं कुंपणालगत न्यायची, दुसरी उजव्या अंगानं वळसा घालून. लांबी वेगवेगळी झाली तरी बिघडत नाही. पन्नास मीटरच्या वळशानं संदेशाला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या पाव हिस्स्याएवढाच उशीर होतो. तांब्याच्या इथरनेट केबलीची मर्यादा १०० मीटर. त्यापुढं काचेची फायबर घ्यायची. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही, त्यामुळे जनरेटरची घरघरही त्या वाटेनं स्पीकरमध्ये शिरू शकत नाही. एक स्विच लाइटच्या मीटरवर, दुसरा जनरेटरवर, दोन्हींना आपापला यूपीएस.

एका सापळ्याकडे खास लक्ष द्यायला हवं. अनेक यंत्रांवरची दोन दारं दोन प्रकारे वापरता येतात. 'रिडंडंट' ठेवली तर ती दोन स्वतंत्र जाळ्यांसाठी असतात. 'स्विच्ड' ठेवली तर एका यंत्रातून पुढच्या यंत्रात माळ ओवण्यासाठी. यंत्र 'स्विच्ड'वर राहिलं आणि दोन्ही केबली सुरक्षेच्या भावनेनं एकाच साध्या स्विचमध्ये खोचल्या, तर मघाचं वर्तुळ तयार होतं आणि जाळं तुंबतं. म्हणून केबलींना दोन रंग द्यावेत, दोन्ही टोकांना चिठ्ठ्या लावाव्यात आणि प्रत्येक यंत्राची मांडणी आधी तपासावी.

वाट दुहेरी झाली तरी काही दुवे एकेरीच उरतात. माईक एक, मिक्सर एक. मोठ्या सभांत वक्त्यापुढं दोन माईक दिसतात, त्यातला एक बहुधा याचसाठी असतो. दोन्ही एकदम चालू ठेवले तर आवाज पोकळ होतो, म्हणून एक तयारीत ठेवतात. २००७ साली आलेल्या डिजिको एसडी७ या मिक्सरच्या पोटात आवाज मिसळणारी दोन इंजिनं आहेत, एक कोलमडलं तर दुसरं काम उचलतं. काही अ‍ॅम्प्लिफायर नेटवर्कचा आवाज थांबल्यावर आपणहून जुन्या अ‍ॅनालॉग तारेकडे वळतात. सगळं दुहेरी करणं प्रत्येकाला परवडणारं नाही. कुठला दुवा तुटला तर सगळ्यात जास्त माणसांचं ऐकणं थांबेल, हे ओळखून आधी तो दुहेरी करायचा, यातच या कामातलं शहाणपण आहे.

लपलेला बिघाड

या व्यवस्थेची सगळ्यात मोठी ताकद आणि सगळ्यात मोठा धोका एकाच ठिकाणी आहेत. पहिली वाट तुटल्याचं ऐकणाऱ्याला कळत नाही. आणि मिक्सरवर बसलेल्यालाही कानानं कळत नाही. कार्यक्रम उत्तम चालला आहे असं समजत तो एकाच केबलीवर तासन् तास काढू शकतो. पुढचा धक्का मात्र थेट लागतो. एकेरी तार तुटली की निदान सगळ्यांना लगेच समजायचं. दुहेरी जाळं बिघाड पोटात घालतं, म्हणून तिथं माणसाला अधिक जागं राहावं लागतं.

जाणकार साऊंडवाले तीन गोष्टी कधी सोडत नाहीत. स्विचवरचे दिवे मधूनमधून पाहतात. लॅपटॉपवर नियंत्रणाचं सॉफ्टवेअर उघडं ठेवतात, म्हणजे दोन्ही जाळ्यांतली प्रत्येक जोडणी डोळ्यांसमोर राहते. आणि गर्दी जमण्याआधी, गाणं लावून, मुख्य केबल स्वतःच्या हातानं उपटतात. ती परत लावून जोडणी सावरली की दुसरी उपटतात, मग एकेका स्विचची वीज घालवतात. गाणं एकदाही अडखळलं नाही, तरच मांडणीवर विश्वास ठेवतात. न तोडून पाहिलेली दुहेरी वाट ही नुसती आशा असते.

मला या तंत्रात माणसाच्या विचाराची एक मोठी झेप दिसते. तार तुटेल, प्लग निघेल, पाऊस येईल, चूक होईल, हे सगळं आधीच मान्य करून त्यानं अशी रचना केली, की या सगळ्यातून बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत धडधाकट पोचावा. कधीही न तुटणारी तार कुणालाच बनवता आलेली नाही. तुटण्याला पुरून उरणारी मांडणी मात्र बनली, आणि आज ती खेड्यातल्या जत्रेच्या मंचामागंही उभी राहू शकते. पुढच्या वेळी एखाद्या मंचामागच्या पेटीतून दोन रंगांच्या दोन केबली दोन दिशांना गेलेल्या दिसल्या, तर थोडं थांबा आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी साऊंडवाल्याला विचारा, "दादा, दोन्ही चालू आहेत ना? उपटून बघितलंत?" आपल्या कामावर जीव असलेला माणूस असेल, तर तो तुम्हाला शेजारी बसवून घेईल आणि केबल तुमच्याच हातात देईल.